साचा, सांधा आणि शिरोरेषा

यवतमाळ जिल्ह्यातल्या प्रेसिंग कारखान्यांमधून बाहेर पडणाऱ्या रुईच्या गाठींवर अक्षरे आणि आकडे रंगवण्याची रीत जुनी आहे. ही अक्षरे हाताने लिहिलेली नसतात आणि छापखान्यात छापलेलीही नसतात. पत्र्यात किंवा प्लास्टिकच्या तुकड्यात अक्षराच्या आकाराची पोकळी कापतात, तो तुकडा गाठीच्या कापडावर दाबून धरतात आणि पोकळीतून ब्रशने रंग मारतात. तुकडा उचलला की अक्षर मागे राहते. भिंतीवरचे निवडणूक चिन्ह, विजेच्या खांबावरचा क्रमांक, एसटीच्या खिडकीजवळची ‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ यासारखी सूचना, या सगळ्यांना हीच रीत लागू पडते. या लेखात कापलेल्या तुकड्याला साचा आणि त्यातून उमटलेल्या आकृतीला छापा म्हटले आहे.

साचा म्हणजे चित्रकला न येणाऱ्याची सोय, असे सर्रास मानले जाते. त्यामुळे साचा करताना आधी एखादे चित्र किंवा अक्षर घेतात आणि मग ते कसेबसे पत्र्यात बसवतात. माझ्या मते गफलत इथूनच सुरू होते. कापल्यावर पत्र्याचा कोणता भाग टिकेल आणि समोरचा पृष्ठभाग किती रंग पिईल, हे दोन प्रश्न आधी सुटायला हवेत. आकृती त्यांच्यातून घडते. देवनागरीच्या बाबतीत हे अधिकच खरे आहे, कारण रोमन अक्षरांच्या साच्यांवरून उचललेली रीत देवनागरीत अक्षराचेच दुसरे अक्षर करून टाकते.

ठसा, खाका आणि साचा

विदर्भात पोळ्याला बैलाच्या अंगावर गेरूत बुडवलेली वाटी किंवा बांगडी टेकवून गोल उमटवतात. तो ठसा. ठशात रंग वस्तूच्या उंच भागाला लागतो आणि वस्तू टेकेल तिथेच उमटतो. साच्याचा व्यवहार उलटा आहे: साचा जिथे टेकतो तिथे रंग लागत नाही, जिथे तो नाही तिथे लागतो. ठशाला म्हणूनच मधले सुटे भाग त्रास देत नाहीत. लाकडाच्या ठोकळ्यावर वर्तुळ कोरले तरी त्याचा मध्य मागच्या लाकडाला जोडलेलाच असतो. साच्याला मागे काही नाही.

तिसरी रीत खाक्याची. घरोघरी रांगोळीसाठी ठिपक्यांचा कागद करत असत. जाड कागदावर सारख्या अंतरावर खुणा करायच्या आणि पेटत्या उदबत्तीने तिथे भोके पाडायची. कागदावर रांगोळी पसरून हात फिरवला की खाली ठिपक्यांची आखणी तयार. भरतकामाचा नमुना कापडावर उतरवताना ट्रेसिंग पेपरवर सुईने भोके पाडून वरून रॉकेलमध्ये कालवलेली नीळ बोळ्याने फिरवतात, तेही हेच. दोन्हींत भोकांतून उमटते ती केवळ वाट, आकृती नंतर हात काढतो. चीनमधल्या दुनह्वांगच्या लेण्यांत बुद्धाच्या एकसारख्या प्रतिमा भिंतीवर ओळीने काढायला असेच भोके पाडलेले कागद वापरले होते आणि त्यांतले काही कागद आजही शाबूत आहेत. खाक्यात भोके सुटी असल्यामुळे कागद कुठेच तुटत नाही, म्हणून कितीही गुंतागुंतीची आकृती त्यातून उतरते. त्याची किंमत वेळेत मोजावी लागते, कारण प्रत्येक प्रत पुन्हा हाताने पुरी करावी लागते.

साच्याचे सर्वांत जुने रूप मात्र पत्र्याचे नाही. गुहेच्या भिंतीवर हात टेकवायचा आणि भोवती रंग फुंकायचा. हात काढला की हाताच्या आकाराची कोरी जागा उरते. इंडोनेशियातल्या सुलावेसी बेटावरच्या अशा एका छाप्याचे वय किमान ३९,९०० वर्षे असल्याचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. तंत्राच्या अंगाने पाहता हात हा आदर्श साचा आहे. तो एकसंध आहे, त्याचा कोणताही भाग गळून पडत नाही आणि तो भिंतीच्या उंचसखलपणाशी स्वतः जुळवून घेतो. यातली एकही सोय पुढच्या कापलेल्या साच्याला मिळाली नाही.

सुटणारे बेट

शून्य हा आकडा पत्र्यात पूर्ण कापला तर मधला भाग खाली पडतो आणि छाप्यात शून्याऐवजी भरीव ठिपका येतो. चारी बाजूंनी पोकळीने वेढलेल्या अशा भागाला बेट म्हणू. बेट जागेवर ठेवायला पोकळीत न कापलेली पट्टी सोडावी लागते, तिला सांधा म्हणू. सांधा छाप्यात रंगहीन फट म्हणून दिसतो. साच्यातली अक्षरे तुटक दिसतात ती यामुळे.

सांध्याकडे निव्वळ मजबुतीचा उपाय म्हणून पाहणारा कारागीर तो सोयीच्या जागी ठेवतो. वाचणाऱ्याला मात्र सांधाही अक्षराचाच भाग म्हणून दिसतो. इंग्रजी 8 घ्या. त्याच्या दोन बेटांसाठी डाव्या बाजूला दोन सांधे सोडले आणि ते थोडे रुंद झाले की छाप्यात 3 वाचला जातो. तेच सांधे वरून खाली एका उभ्या रेषेत घेतले, तर फट पडूनही 8 हा 8 च राहतो. गाठीवरच्या अनुक्रमांकात ही चूक झाली तर वेगळ्याच गाठीची नोंद लागते.

जपानी कारागिरांनी हा प्रश्न फार नाजूकपणे सोडवला. कापड रंगवण्यासाठी ते तुतीच्या सालीच्या कागदावर परसिमॉन फळाचा रस चढवून कागद टणक आणि पाणी न शोषणारा करत, त्यात साचा कापत आणि बेटे रेशमाच्या अतिशय बारीक धाग्यांनी जागेवर धरत. धागा इतका पातळ, की रंग त्याच्या खालून मिळून येतो आणि छाप्यात सांधा दिसतच नाही. याच विचाराचे पुढचे टोक म्हणजे स्क्रीन प्रिंटिंग. तिथे आख्खे जाळीदार कापडच साच्याला धरून ठेवते. मँचेस्टरच्या सॅम्युएल सायमन यांनी १९०७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. लग्नपत्रिका आणि कापडी फलक या वाटेने गेले. खडबडीत भिंत आणि तागात गुंडाळलेली गाठ मात्र जाळीला दाद देत नाहीत. तिथे पत्र्याचाच साचा लागतो आणि सांध्याचा प्रश्न शिल्लक राहतो.

देवनागरीचे नियम

रोमन अक्षरे सुटी असतात. देवनागरीचे शब्द शिरोरेषेने बांधलेले असतात आणि त्यामुळे साच्यात दोन स्वतंत्र अडचणी उभ्या राहतात.

पहिली अडचण पत्र्याच्या बळाची. शिरोरेषा अखंड कापली तर शब्दाच्या लांबीएवढी आडवी चीर पडते आणि तिच्या खालचा भाग लोंबू लागतो. ब्रशच्या दाबाने तो वाकतो, पत्रा पृष्ठभागापासून सुटतो आणि रंग आत शिरतो. म्हणून दोन अक्षरांच्या मध्ये शिरोरेषा तोडावीच लागते. ही फट दोन शब्दांमधल्या अंतराच्या एक तृतीयांशाहून कमी ठेवावी. ती जास्त झाली तर शब्द कुठे संपला ते कळत नाही.

दुसरी अडचण अधिक खोल आहे. प, य, म, घ, स यांसारख्या अक्षरांतले बेट शिरोरेषेमुळेच तयार होते, कारण वरची बाजू तीच बंद करते. मग बेट धरायला शिरोरेषेतच सांधा सोडावा, असे पाहणाऱ्याला सहज सुचते. एका फटीत दोन कामे होतात. प या अक्षरात ते चालूनही जाते. पण म आणि भ, घ आणि ध, य आणि थ या जोड्यांत फरक कशाने होतो? डाव्या अंगाला शिरोरेषा तुटलेली असणे आणि तिथे लहानशी गाठ किंवा वळण असणे, यानेच. म च्या डोक्यावर सांधा सोडला की अर्धे काम तिथेच होते. कापलेल्या टोकाशी रंग साचून जाडसर ठिपका आला की गाठही तयार होते आणि वाचणारा भ वाचतो.

‘यवतमाळ’ हे नावच पाहा. य च्या डोक्यावर सांधा दिला तर थ होऊ शकतो, म च्या डोक्यावर दिला तर भ. व मध्ये आणखी एक धोका आहे. त्याचे वेटोळे कान्याला खालच्या जागी मिळते तिथे सांधा सोडला, तर वेटोळे खालून उघडते आणि व हा त सारखा दिसतो. शेजारीच खरा त उभा असल्यामुळे डोळा लगेच फसतो. ळ मध्ये घडणीप्रमाणे एक किंवा दोन बेटे येतात. त च्या पोटात बेटच नाही. पाच अक्षरांच्या नावात तीन जागी अर्थ बदलू शकतो आणि तिन्ही जागा कारागिराला सर्वांत सोयीच्या वाटणाऱ्या आहेत.

यावर मला पटलेली रीत अशी. कान्याच्या अक्षरांत सांधा कान्यावर द्यावा, तो शिरोरेषेला मिळतो त्याच्या लगेच खाली. बेट उजवीकडच्या मोकळ्या जागेला जोडले जाते, शिरोरेषेचा डावा भाग अखंड राहतो आणि देवनागरीत काना किंचित सुटल्याने कोणतेही दुसरे अक्षर तयार होत नाही. व चा सांधा वेटोळे कान्याला वरच्या बाजूने मिळते तिथे द्यावा. ब आणि ष यांच्या पोटातली तिरकी रेघ बेटाचे दोन तुकडे करते. ती रेघ मध्ये तोडून दोन्ही तुकडे एकमेकांना जोडावेत असे वाटते, पण तसे केल्यास रेघ फिकी पडून ब चा व आणि ष चा प होतो. तिथे दोन वेगळे सांधे देणेच बरे, साचा थोडा कुरूप झाला तरी. दीर्घ वेलांटीची कमान शिरोरेषेवर आणखी एक बेट करते, तिचा सांधा कमानीच्या डाव्या पायाशी. लहान अक्षरांत एवढे सांधे मावत नाहीत. म्हणून देवनागरीचा साचा त्याच मजकुराच्या रोमन साच्याहून मोठा घ्यावा लागतो आणि तेवढी जागा आधीच धरून ठेवावी लागते.

रंग आणि कडा

चांगल्या कापलेल्या साच्यातूनही वाईट छापा येतो, आणि बहुतेक वेळा दोष रंगाच्या प्रमाणाचा असतो. साचा आणि पृष्ठभाग यांच्यात नेहमी बारीक फट असते. पातळ रंग त्या फटीत केशाकर्षणाने ओढला जातो. फट जितकी अरुंद तितकी ओढ अधिक. म्हणून साचा घट्ट दाबला की काम झाले, हे पुरते खरे नाही. रंग दाट हवा, ब्रश आखूड केसांचा हवा, तो कागदावर किंवा फडक्यावर टिपून जवळजवळ कोरडा केलेला हवा आणि उभा धरून ठोकत न्यायला हवा. ब्रश ओढला की त्याचे केस साच्याच्या कडेखाली शिरतात आणि रंग सोबत नेतात. एका जाड थरापेक्षा दोन पातळ थर बरे.

साच्याची जाडीही कडेवर परिणाम करते. तेलाच्या डब्याचा पत्रा टिकाऊ असतो, पण छिन्नीने कापल्यावर उलट बाजूला धार उभी राहते. ती ठोकून सपाट केली नाही तर साचा नीट टेकत नाही. जुन्या एक्स-रे फिल्मचे साचे पेंटर लोकांनी उगाच पसंत केलेले नाहीत. साधारण ०.२ मिलिमीटर जाडीची ही फिल्म ब्लेडने सहज कापली जाते, गोल खांबावर वाकते, रॉकेल-टर्पेंटाइनने पुसली तरी खराब होत नाही आणि अर्धपारदर्शक असल्याने आधीची ओळ खाली दिसते. दुसरा रंग नेमक्या जागी बसवायचा तर ही शेवटची सोय फार मोलाची.

पृष्ठभागांचे स्वभाव वेगळे आहेत. शेणामातीने सारवलेली भिंत रंग पटकन पिते, पण तिचा वरचा थर भुरभुरीत असल्याने साचा उचलताना रंगासकट खपली निघते. चुन्याची भिंत त्यापेक्षा पुष्कळ चांगली. वणीजवळच्या राजूरच्या भट्ट्यांमुळे या भागाला चुना परका नाही. चुन्याचे दोन हात पूर्ण वाळल्यावर मिळणारा कोरडा, खरबरीत, सारखा शोषणारा पांढरा पृष्ठभाग हा साच्याचा सर्वांत जुना मित्र म्हणावा असा आहे. गुळगुळीत ऑइलपेंटची भिंत किंवा एसटीचा पत्रा काहीच शोषत नाही. तिथे रंग वाळेपर्यंत कडेवर सरकत राहतो, म्हणून तो आणखी कमी घ्यावा लागतो. उन्हाळ्यात यवतमाळच्या उन्हात तापलेल्या भिंतीवर रंग ब्रशवरच घट्ट होऊ लागतो आणि साच्याच्या कडेला चिकटून खरखरीत कंगोरे सोडतो. सकाळचे काम त्यामुळे सुबक होते.

गाठीवरचा मार्का

या जिल्ह्यात साच्याने केलेल्या कामांत सर्वांत जास्त वजन गाठीवरच्या मार्क्याला होते. कापसात हलका माल मिसळणे आणि वजन वाढवण्यासाठी पाणी मारणे या तक्रारी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फार वाढल्या होत्या. १९२१ मध्ये भारतीय मध्यवर्ती कापूस समिती स्थापन झाली आणि १९२५ मध्ये कापूस जिनिंग व प्रेसिंग कारखान्यांचा कायदा आला. प्रेसमधून बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येक गाठीवर अनुक्रमांक आणि त्या कारखान्याला ठरवून दिलेली खूण उमटवणे या कायद्याने मालकावर बंधनकारक केले. गाठ मुंबईच्या गिरणीत फुटली आणि आत ओली रुई निघाली, तर ती कुठून आली हे आता कापडावरच लिहिलेले होते.

ही नोंद वाटेतल्या हाताळणीत टिकणे गरजेचे होते. यवतमाळहून मूर्तिजापूरला जाणारी अडीच फुटी रुळांची गाडी, जिला लोक शकुंतला म्हणतात, विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या काळात धावू लागली. अरुंद रुळांचा डबा मोठ्या रुळांवर चालत नाही, त्यामुळे मूर्तिजापूरला माल उतरवून दुसऱ्या डब्यांत भरावा लागे. हमालांच्या पाठीवर, लोखंडी आकड्यांच्या ओढीखाली, धुळीत आणि घामात ती अक्षरे वाचता येणे हीच त्यांची कसोटी. चिठ्ठी फाटते, शिवलेला कापडी तुकडा निघतो. तागात मुरलेला रंग निघत नाही.

गाठीच्या साच्याचे दोन भाग पडतात. कारखान्याची खूण हंगामभर तीच असते, म्हणून तिचा एक पक्का साचा. अनुक्रमांक गाठीगणिक बदलतो, म्हणून सुटे आकडे, जे एकमेकांत अडकवून ओळ करता येते. गाठीभोवती लोखंडी पट्ट्या आवळलेल्या असतात आणि दोन पट्ट्यांमध्ये कापड फुगते. अक्षरे त्या फुगवट्यावर, पट्टीला न छेदता बसवावी लागतात. अक्षराची उंची इथे कारागीर ठरवत नाही, पट्ट्यांमधले अंतर ठरवते. तागाची वीण जाड आणि विरळ असल्याने बारीक सांधा दोन धाग्यांमध्ये हरवतो, त्यामुळे सांधे रुंद लागतात. सुती कापडाचे वेष्टन आल्यावर कडा सुधारली. पण पातळ तेलरंग कापडातून आतल्या रुईत झिरपला तर त्या रंगीत तंतूंचा डाग थेट सुतात आणि विणलेल्या कापडात दिसतो. कोरडा ब्रश ही इथे केवळ सुबकपणाची बाब नाही, मालाच्या शुद्धतेची आहे.

१९७२ मध्ये राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. तेव्हाचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक याच जिल्ह्यातल्या पुसदचे. खरेदीदार एकच झाल्यावर गाठीचा मालक कोण हा प्रश्न उरला नाही. ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली गेली, हा प्रश्न मात्र उरला आणि त्याचे उत्तर त्या दोन साच्यांतूनच मिळायचे.

गावातली भिंत

सरकारने खेड्यातल्या भिंतीशी बोलायला सुरुवात केली तेव्हा साच्याला अनुकूल चिन्हे टिकली. १९६० च्या दशकाच्या अखेरीस आलेला कुटुंब नियोजनाचा लाल त्रिकोण हे याचे उत्तम उदाहरण. भरीव आकार, एकही बेट नाही, तीन सरळ छेद. तो कोणत्याही तालुक्यात, कोणाच्याही हातून, सारखाच उमटला. १९५८ पासून हिवताप निर्मूलनाच्या कार्यक्रमात डीडीटी फवारल्यावर घराच्या भिंतीवर फवारणीची तारीख साच्याने टाकली जाई. तिथे उमटलेले आकडे पर्यवेक्षकासाठी होते, पण घरच्यांनाही त्यातून कळे की पुढची फेरी केव्हा.

निवडणूक चिन्हांकडे याच नजरेने पाहिले तर फार शिकायला मिळते. हाताचा पंजा बाह्यरेषेतच ओळखू येतो. कमळाच्या पाकळ्यांमधल्या रेषा आपोआप सांध्यांचे काम करतात. घड्याळाला मात्र वर्तुळ हवे, म्हणजे मोठे बेट आणि त्याच्या आत काटे. धनुष्याची दोरी बारीक असल्याने तिची चीर पत्र्याला कमजोर करते. १९९५ च्या महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंध कायद्यानंतर परवानगीवाचून भिंत रंगवणे दंडनीय झाले आणि हे काम घटले. फ्लेक्सने उरलेले नेले. भिंतींना श्वास घेता आला, हे मान्य. पण साचा कापणाऱ्या हातांची एक पिढी त्यात संपली आणि ती कुठे नोंदली गेली नाही, याचे मला वाईट वाटते.

साचे आज संगणकावर आखून यंत्राने कापले जातात. कडा निर्दोष असतात. सांधे मात्र रोमन अक्षरांच्या सवयीने, अक्षराच्या मधोमध किंवा थेट डोक्यावर पडतात. बोलक्या भिंतींसाठी जिल्हा परिषदेच्या शाळांत अशा साच्याने मुळाक्षरे रंगवली तर नुकसान फार मोठे आहे. मोठा माणूस संदर्भाने वाचतो. पहिलीतले मूल भिंतीवर दिसेल तेच अक्षर म्हणून शिकते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या तालुक्यांतल्या कोलाम पोडांवरची (वस्त्यांवरची) अनेक मुले घरी कोलामी बोलतात आणि मराठी शाळेत येऊन शिकतात. म आणि भ यांतला फरक त्यांना ओळखीच्या शब्दाच्या आधारानेही सावरता येत नाही. शाळेच्या भिंतीवर छापा वाळल्यानंतर बारीक ब्रशने प्रत्येक सांधा भरून घ्यावा. आधी म, घ, य आणि व, मग बाकीची.